अभ्यासिकेचं वाय-फाय: पासवर्ड किती वेळा बदलणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात दोन मजली अभ्यासिका, ९० आसनं, १०० एमबीपीएसची फायबर लाइन, तिच्यावर तीन घरगुती राउटर आणि सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड. तो तुम्ही दर महिन्याला बदलता आणि चार दिवसांत तो गल्लीभर होतो. संध्याकाळी गर्दीच्या वेळी मुलांच्या ऑनलाइन टेस्ट अडकतात. मॅक फिल्टर (नोंदवलेल्या उपकरणांनाच आत घेणारी यादी) लावू की ओटीपीचं लॉगिन घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते दोन्ही नको. पासवर्ड फुटतो ही खरी अडचण नाही. तो पासवर्ड जागेला दिलेला आहे, माणसाला नाही, ही अडचण आहे. कोणी सांगितला हे कळत नाही, एकाचा काढून घ्यायचा तर नव्वद जणांचा बदलावा लागतो, आणि उद्या पोलीस ठाण्यातून विचारणा झाली तर उत्तर द्यायला हातात काही नसतं. प्रत्येक सदस्याला स्वतःचं नाव आणि पासवर्ड, त्याच्या नावावर दोनच उपकरणं, ठरावीक वेग, आणि फी संपली की फक्त त्याचं बंद. या कामाला हॉटस्पॉट गेटवे लागतो. फायबरचा डबा आणि तुमचे राउटर यांच्या मधोमध तो बसतो आणि लॉगिन केल्याशिवाय कोणाला बाहेर जाऊ देत नाही.

मॅक फिल्टर का नको? अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) न देता बनावट देतात. सदस्याने 'फर्गेट नेटवर्क' केलं, फोन रीसेट केला किंवा सेटिंग चाळवलं की पत्ता बदलू शकतो, आणि सदस्य थेट तुमच्या टेबलापाशी येतो. वर हा पत्ता हवेत उघडा फिरतो, ज्याला येतं तो अर्ध्या मिनिटात उचलून स्वतःच्या लॅपटॉपला लावतो. म्हणजे प्रामाणिक मुलांना त्रास आणि ज्याला अडवायचं तो आत. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा. तुमच्या राउटरच्या यादीत आत्ता बघितलंत तर बहुतेक फोन असेच निघतील.

ओटीपी वाईट नाही, पण ते रेल्वे स्टेशनसारख्या ठिकाणचं औषध आहे, जिथे समोरचा कोण हे माहीतच नसतं. एसएमएस पाठवायला डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेवर) संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते, एसएमएस गेटवे कंपनीचं खातं लागतं, आणि तळमजल्यावर मोबाइलची रेंज नसेल तर ओटीपी येतच नाही. तुमच्याकडे प्रवेश अर्ज आहे, त्याला ओळखपत्राची प्रत जोडलेली आहे. ओळख पटवण्याचं काम प्रवेशाच्या दिवशीच झालंय. तेच परत एसएमएसवर पैसे घालून कशाला करायचं?

आता सामान. खर्चाचा विचार करता मी मायक्रोटिक कंपनीचा हेक्स वर्गातला राउटर सुचवेन: पाच गिगाबिट पोर्ट, स्वतःचं वाय-फाय नाही, त्याची गरजही नाही. त्याला लेव्हल ४ चा परवाना येतो, म्हणजे एका वेळी २०० जण लॉगिन राहू शकतात. ९० जणांची प्रत्येकी दोन उपकरणं धरली तरी १८०. इथे जुनं बाहेरचं सीपीई (छतावर बसवायचा वायरलेस डबा) स्वस्तात घेऊ नका, त्यातल्या काहींना लेव्हल ३ असतो आणि त्यावर हॉटस्पॉटचा एकच वापरकर्ता चालतो. तुमचे तिन्ही राउटर टीपी-लिंकच्या ओमाडा किंवा युनिफायसारखे एका कंट्रोलरखाली चालणारे असतील, तर त्यांच्यातच पोर्टल (लॉगिनचं पान) आणि व्हाउचर आहेत, वेगळा गेटवे घेऊ नका. घरगुती राउटरवर हे नसतं, म्हणून पुढचं सगळं मायक्रोटिक धरून लिहितो.

बसवायला सुरुवात करण्यापूर्वी पाचवा पोर्ट ब्रिजमधून (एकत्र जोडलेल्या पोर्टांच्या गटातून) बाहेर काढून स्वतःच्या लॅपटॉपसाठी राखून ठेवा. नाहीतर हॉटस्पॉट सुरू होताच तो तुम्हालाच अडवतो. मग विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) आयपी, हॉटस्पॉट, हॉटस्पॉट सेटअप. इंटरफेस विचारेल तिथे राउटर जोडलेला ब्रिज द्या. पत्ता १०.५.५०.१ आणि मास्क (पत्त्यांचा आवाका) /२३ ठेवा, म्हणजे ५०० च्या वर पत्ते मिळतात. /२४ मध्ये अडीचशे असतात आणि आकड्यात पुरतात, पण बदलणारे बनावट मॅक आणि रस्त्यावरून जाता जाता जोडले जाणारे फोन मिळून ते दुपारपर्यंत खाऊन टाकतात. डीएचसीपीची (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीची) मुदत एक तास पुरे. लॉगिनच्या पानाचं डीएनएस नाव काहीही द्या, फक्त शेवटी डॉट लोकल नको, आयफोन ते नाव स्वतःच्या पद्धतीने शोधायला जातो आणि लॉगिनचं पान उघडत नाही.

यानंतर जे बिघडतं ते जवळजवळ नेहमी आजूबाजूच्या गोष्टींत असतं, हॉटस्पॉटमध्ये नाही. इथे वेळ घाला.

पहिली गोष्ट तुमचे तीन राउटर. मायक्रोटिककडून येणारी केबल त्यांच्या वॅन (इंटरनेट आत घेणाऱ्या) पोर्टात राहिली, तर प्रत्येक राउटर आपल्यामागची सगळी मुलं स्वतःच्या एकाच पत्त्यामागे लपवतो. मायक्रोटिकला तीसच्या जागी एकच उपकरण दिसतं, पहिल्या मुलाने लॉगिन केलं की त्या मजल्यावरचे सगळे फुकटात आत. 'पोर्टल एकदाच येतं, बाकीच्यांना विचारतच नाही' ही तक्रार आली की आधी हेच बघायचं. राउटरना ॲक्सेस पॉइंट मोड द्या. तो नसेल तर त्यांचा डीएचसीपी बंद करा, प्रत्येकाला वेगळा पत्ता द्या (१०.५.५०.२, .३, .४, हे तीन पूलमधून, म्हणजे वाटायच्या पत्त्यांतून, वगळा आणि आयपी बाइंडिंगमध्ये बायपास करा, म्हणजे लॉगिनशिवाय सोडा) आणि केबल लॅन पोर्टात घाला. भिंतीवरचा स्वस्त रिपीटरही मागच्या फोनचे मॅक बदलून देतो, त्यामुळे तो या व्यवस्थेत ठेवूच नका. दुसऱ्या मजल्यावर केबल ओढा.

दुसरी गोष्ट फायबर कंपनीचा डबा. त्याचं स्वतःचं वाय-फाय चालूच राहतं आणि त्याचा पासवर्ड डब्याच्या बुडाशी छापलेला असतो. पुढचं दार बंद करून मागचं सताड उघडं! ते वाय-फाय बंद करा आणि डब्याचा ॲडमिन पासवर्ड बदला.

तिसरी आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. मायक्रोटिकचा हॉटस्पॉट फक्त आयपीव्ही४ बघतो. आयपीव्ही६ त्या ब्रिजवर पोचत असेल तर फोन लॉगिन न करता निम्म्या साइट उघडतो, आणि तुम्हाला कळतही नाही. हॉटस्पॉटच्या ब्रिजवर आयपीव्ही६ देऊ नका.

चौथी फास्टट्रॅक. मायक्रोटिकच्या मूळ फायरवॉलमध्ये हा नियम आधीपासून असतो. चालू असलेली कनेक्शनं तो झटपट पुढे ढकलतो, पण ढकलताना वेगमर्यादेच्या सगळ्या क्यू (रांगा) ओलांडून जातो. प्रत्येकाला ३ एमबीपीएस लावलंय आणि एकजण ८० ओढतोय, असं दिसलं की दोष याच नियमाचा असतो. तो बंद करा. १०० एमबीपीएसला हेक्सचा प्रोसेसर फास्टट्रॅकशिवाय पुरतो.

आता वेगाचा हिशोब. गर्दीच्या वेळी ७० जण आत धरा. त्यातले एका वेळी खरोखर काही ओढणारे साधारण एक तृतीयांश, म्हणजे २३-२४. ४८० रेझोल्यूशनच्या व्हिडिओला दीड एमबीपीएस पुरतो, ७२० ला अडीचच्या आसपास. म्हणून एका उपकरणाला डाउनलोड ३ आणि अपलोड १. २४ गुणिले ३ म्हणजे ७२, शंभरात बसतं. टेस्टचं पान मात्र पटकन उघडायला हवं, म्हणून थोडा झटका, म्हणजे काही सेकंद जास्तीचा वेग, द्या. युजर प्रोफाइलमधल्या रेट लिमिटच्या चौकटीत क्रम असा: १एम/३एम, मग झटका २एम/८एम, मग उंबरठा (सरासरी याच्या वर गेली की झटका थांबतो) ७६८के/२एम, मग वेळ १६/१६. चौकटीत हे गट स्वल्पविरामाने नाही, मोकळी जागा सोडून लिहायचे. यात डाउनलोडचा झटका सुमारे चार सेकंद टिकतो (२ गुणिले १६ भागिले ८), एक पान उघडायला तेवढं पुष्कळ. पहिला आकडा अपलोडचा असतो, कारण राउटर स्वतःच्या बाजूने मोजतो: आधी त्याला मिळणारं, मग त्याने दिलेलं. हा क्रम उलटा लिहिला गेला की व्हिडिओ अडकतात आणि लोक फायबर कंपनीला शिव्या घालतात.

सगळ्यांवर मिळून ९० ची एक मोठी क्यू ठेवा आणि प्रोफाइलच्या पॅरेंट क्यूमध्ये तिचं नाव द्या. दहा टक्के सोडायचे ते यासाठी की गर्दी झाली तर रांग तुमच्या राउटरवर लागावी, कंपनीच्या यंत्रावर नाही. तिथल्या रांगेवर तुमचा काही ताबा नसतो. ही मोठी क्यू पॅरेंट न करता नुसती यादीत वर ठेवलीत तर सगळा डेटा तिथेच अडतो आणि माणशी मर्यादा लागतच नाही. क्यू टाइप एफक्यू-कोडेल (रांगेतल्या कामांना आळीपाळीने वाट देणारा) निवडा. नाहीतर फोटोंचा बॅकअप त्याच फोनवरची टेस्ट अडकवतो आणि तक्रार तुमच्याकडे येते.

शेअर्ड युजर्स (एका नावावरची उपकरणं) २ ठेवा, एक फोन आणि एक लॅपटॉप. लॉगिन पद्धतीत एचटीटीपी चॅप (पासवर्ड उघडा न पाठवणारी) आणि मॅक कुकी (एकदा आलेलं उपकरण लक्षात ठेवणारी) दोन्ही चालू. कुकीची मुदत मूळची तीन दिवस असते, सदस्यांसाठी सात करा, म्हणजे रोज पासवर्ड घालावा लागत नाही. पण आयडल टाइमआउट (काही वापर नसेल तर बाहेर काढायची वेळ) १५ मिनिटं आणि कीपअलाइव्ह (उपकरण प्रतिसादच देत नसेल तर बाहेर काढायची वेळ) ५ मिनिटं हवेच. फोनचा मॅक बदलला की जुनं सेशन मोकळं होईपर्यंत नव्याला 'आणखी सेशन मिळणार नाही' असा संदेश येतो, आणि मुलगा पासवर्ड चुकला समजून तुमच्याकडे धावतो. कीपअलाइव्ह दोन मिनिटांवर आणलंत तर झोपलेला फोन सारखा बाहेर पडतो. कुकीमुळे तो परत आत येतो खरा, पण नोंदवही नुसत्या ये-जाने भरते.

एक नाव चौघांत वाटायचा दुसरा मार्ग म्हणजे फोनचा स्वतःचा हॉटस्पॉट किंवा यूएसबी टेदरिंग. त्याला आळा म्हणून फायरवॉलच्या मँगलमध्ये (पॅकेट बदलायच्या नियमांत), पोस्टराउटिंगला, ब्रिजकडे जाणाऱ्या पॅकेटचा टीटीएल (अजून किती टप्पे जाता येईल तो आकडा) १ करा. पॅकेट फोनपर्यंत पोचतं, पण फोनने पुढे दिलं की मरतं. प्रॉक्सी ॲप वापरणारा यातूनही निसटतो. पण त्याचा वेग त्याच्याच तीन एमबीपीएसमधून जातो, तेव्हा मी त्याच्या मागे लागत नाही.

वाय-फायला साधा पासवर्ड तरीही ठेवा, फलकावर लिहिलेला चालेल. आता तो कुलूप नाही, हवेतला डेटा उघडा जाऊ नये एवढ्यासाठी आहे. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय असेल तर तोच घ्या. आणखी एक फायदा: आयओएस १८ पासून आयफोन पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर आपला बनावट मॅक अधूनमधून फिरवत राहतो, पासवर्ड असलेल्या नेटवर्कवर तो स्थिर ठेवतो. म्हणजे तुमच्या कुकी टिकतात. सोबत तिन्ही राउटरवर क्लायंट आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणं) चालू करा, २.४ गिगाहर्ट्‌झवर चॅनल १, ६, ११ वाटून द्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. एका घरगुती राउटरवर पंचवीस-तीसच्या वर खरी वापरणारी उपकरणं गेली की वेगमर्यादा कितीही नीट लावा, हवाच तुंबते. वरच्या मजल्याला ४५ आसनं असतील तर तिथे दोन राउटर हवेत.

लॉगिनचं पान आपोआप वर येणं ही फोनची करामत आहे. अँड्रॉइड गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन २०४ हे उत्तर येतं का बघतो, आयफोन ॲपलच्या पानावर. ठरलेलं उत्तर आलं नाही तर त्याला कळतं की मध्ये कोणीतरी आहे, आणि पान वर येतं. म्हणून हे पत्ते वॉल्ड गार्डनमध्ये (लॉगिनशिवाय उघडणाऱ्या साइटच्या यादीत) मोकळे सोडू नका. काही जणांनी सोय म्हणून सोडलेले असतात आणि मग पान का येत नाही हे शोधत बसतात. पान मराठीत करा, पण वेबवरून फाँट ओढणारा कोड त्यात नको, लॉगिनआधी तो फाँट मिळणारच नाही. सगळ्या फायली राउटरच्या हॉटस्पॉट फोल्डरात. ज्याच्या फोनवर खासगी डीएनएसला ठरावीक कंपनीचं नाव घातलेलं आहे किंवा व्हीपीएन सतत चालू आहे, त्याला बरेचदा पान दिसत नाही. खासगी डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर आणायला आणि व्हीपीएन लॉगिनपुरतं बंद करायला सांगा. एवढी एक ओळ फलकावर लिहिलीत तर तुमच्याकडचे निम्मे फेरे वाचतील.

सदस्याचं नाव म्हणजे त्याचा सदस्य क्रमांक, पासवर्ड सहा अक्षरी आणि तुम्ही बनवलेला. मोबाइलचे शेवटचे आकडे पासवर्ड म्हणून देऊ नका, शेजारच्याला ते पाठ असतात. शून्य आणि ओ, एक आणि एल ही गोंधळाची अक्षरं टाळा. कॉमेंटमध्ये फीची तारीख. तारीख उलटली की युजर डिसेबल करा, आणि लगेच ॲक्टिव्हमधून आणि कुकीजमधून त्याची नोंद काढा. ज्याचं सेशन चालू आहे त्याला नुसतं डिसेबल पुरत नाही. पाहुण्यांच्या एक दिवसाच्या पासात एक सापळा आहे: लिमिट अपटाइम २४ तास दिलं तर ते वापरलेले तास मोजतं, घड्याळाचे नाही. रोज चार तास बसणारा पाहुणा सहा दिवस काढतो. पहिल्या लॉगिनपासून दिवस मोजायचा तर मायक्रोटिकच्या यूजर मॅनेजरचं पॅकेज घालून त्यात मुदत द्या. नव्वद सदस्य आणि दिवसाला दोन-तीन पाहुणे एवढ्यासाठी मी ते घालणार नाही. पाहुण्याला लिमिट अपटाइम ४ तासांचं नाव द्यावं आणि रात्री बंद करताना ती नावं उडवावीत.

लॉगिन झाल्यावर हॉटस्पॉट कोणालाही आतल्या गोष्टींपासून अडवत नाही, हे लक्षात असू द्या. ब्रिजकडून मायक्रोटिकच्या ८२९१ आणि ८७२८ या सेटिंगसाठीच्या पोर्टांवर, फायबरच्या डब्याच्या पानावर आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर जाणं फायरवॉलने बंद करा. डीव्हीआर आणि ऑफिसचा प्रिंटर वेगळ्या पोर्टावर, वेगळ्या नेटवर्कात ठेवा.

नोंदी आणि कायदा. दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये इंटरनेट कंपन्यांना सूचना दिली की सार्वजनिक वाय-फायवर येणाऱ्याची ओळख ओळखपत्राच्या प्रतीने किंवा मोबाइलवर एसएमएसने पटवावी आणि नोंद एक वर्ष ठेवावी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस, भारतातच ठेवायला सांगितलंय. हे निर्देश तुमच्या आकाराच्या जागेला नेमके कसे लागू होतात यावर वाद घालता येईल, पण वर्षभराच्या नोंदी ठेवल्या की दोन्ही बाजू झाकल्या जातात. काय ठेवायचं? कोणत्या नावाने, कोणत्या मॅकवरून, कोणता आतला आयपी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. आणि नव्या कनेक्शनची फायरवॉल नोंद: आतला आयपी, सोर्स पोर्ट, कुठल्या आयपीकडे, किती वाजता. पोर्ट महत्त्वाचा, कारण बऱ्याच फायबर कंपन्या एक सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांना वाटून देतात. कोणी काय वाचलं, काय बघितलं हे ठेवू नका. त्याची गरज नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तशी माहिती साठवणं म्हणजे विनाकारण विकतचं दुखणं.

या नोंदी राउटरच्या मेमरीत ठेवू नका. छोटी फ्लॅश लगेच भरते आणि सारखं लिहून खराबही होते. एखाद्या जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायवर (छोट्या स्वस्त संगणकावर) सिसलॉग घ्या, म्हणजे राउटर नोंदी तिकडे पाठवतो. मायक्रोटिकच्या या छोट्या राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. वीज जाऊन आली की वेळ चुकते आणि नोंदी भलत्याच तारखेच्या पडतात. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेणं) चालू करा, आणि डबा, मायक्रोटिक, राउटर तिन्ही एका छोट्या यूपीएसवर घ्या. घड्याळ चुकलेल्या नोंदीने उद्या भलत्याच मुलाकडे बोट दाखवलं जाईल, एवढ्यासाठी तरी हे करा.

बाहेरच्या लोकांना वाय-फाय विकायचा विचार असेल तर मात्र हा सगळा मार्ग सोडा. घरगुती प्लॅन विकायला परवानगी नसते. ९ डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फायच्या योजनेत तुम्ही पीडीओ (वाय-फाय देणारं छोटं केंद्र) होऊ शकता, त्याला परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. लॉगिन ॲपकडून होतं, हिशोब आणि नोंदी पीडीओए (अनेक पीडीओंना जोडणारी कंपनी) सांभाळतो. २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने पीडीओंसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर प्लॅनचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त नसावा असं ठरवलंय, त्यामुळे पूर्वी मागत तसे लीज्ड लाइनचे आकडे कोणी सांगितले तर हा आदेश दाखवा.

काम आठवडी सुट्टीच्या दिवशी करा आणि या क्रमाने: आधी राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, मग हॉटस्पॉट, मग एका फोनने लॉगिन करून शेजारी दुसऱ्या फोनवर पान वेगळं विचारतंय ना ते बघणं, मग स्पीड टेस्ट तीनच्या आसपास थांबतेय ना ते. तिथवर जमलं की मगच नव्वद नावं भरा. सगळं झाल्यावर कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ या प्रणालीत शो सेन्सिटिव्ह न देता एक्स्पोर्ट केलंत तर पासवर्ड गाळले जातात आणि ती फाइल ऐन वेळी अर्धीच कामाची ठरते.

तिन्ही राउटरचे मॉडेल, वरच्या मजल्याला केबल आहे की रिपीटर, आणि फायबरचा डबा कंपनीने कुलूपबंद केलेला आहे का, एवढं कळवा. त्यावरून तुमचे जुने राउटर चालतील की बदलावे लागतील ते सांगता येईल.